मेंढीचं रक्त, पाच टक्के

कॉलेजातून मला काढलं ते एका मुलाचं कपाळ फोडल्यामुळे. संभाजीनगरच्या एका कॉलेजात मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. प्रॅक्टिकलला माझ्या शेजारी उभा राहणारा हा मुलगा मला बघितलं की नाक दाबायचा आणि म्हणायचा, "आली का फुलंब्रीची मटणवाली." मी महिनोन्‌महिने सोसलं वगैरे काही नाही. तीन दिवस ऐकून घेतलं. चौथ्या दिवशी टेस्ट ट्यूबचं लाकडी स्टँड उचललं आणि त्याच्या कपाळात घातलं. सात टाके पडले. प्राचार्यांनी वडिलांना बोलावून घेतलं. आबा त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले, आणि मी मात्र शेवटपर्यंत मान खाली घातली नाही. त्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

आमचं फुलंब्रीत मटणाचं दुकान. पुढे दुकान, मागे मोकळी जागा, तिथे जनावरं कापायची, आणि त्याला लागून राहतं घर. आबांनी चाळीस वर्षं मेंढरं-बोकडं कापली. लोकांना वाटतं, कापणाऱ्याचा हात घरातही चालत असणार. आमच्या घरात हात चालायचा, पण आबांचा नाही. चालायचा तो माझा आणि दादाचा. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मी सहावीत असताना आई गेली आणि आमच्या मध्ये पडायला कुणी उरलं नाही. लहानपणी त्याने माझा दात पाडला, मी त्याच्या दंडाला असा चावा घेतला की अजून व्रण आहे. आबा नुसते म्हणायचे, "पुरे आता, पुरे." ते आम्ही ऐकलं नाही. मोठं झाल्यावर बहीण-भावांची भांडणं कमी होतात म्हणे. आमची वाढली, कारण दोघांच्याही अंगात ताकद आली होती.

कॉलेज सुटल्यावर मी दोन वर्षं दुकानात होते. दादा कापायचा तेव्हा जनावराचे पाय धरायचे, मग वजन करून द्यायचं. त्यातच आबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. त्यांच्यासाठी मागच्या दारात एक खुर्ची टाकली. सकाळी तिथे बसून ते दादाचं काम बघत. चाळीस वर्षांचा कामाचा माणूस, डावा हात मांडीवर ठेवून बसलेला असायचा. मला ते बघवत नव्हतं. खरं सांगायचं तर मी शहरात काम शोधलं ते काही अंशी त्यासाठीच.

गुलमंडीजवळच्या एका गल्लीत लहानशी पॅथॉलॉजी लॅब होती, तिथे काम मिळालं. काचसामान धुणं, बाटल्यांना चिठ्ठ्या लावणं, फरशी पुसणं. लॅब चालवणाऱ्या डॉक्टर मॅडम साठीच्या होत्या, कमी बोलायच्या. मी बाटल्या धुता धुता कल्चरच्या टेबलाकडे बघत राहते हे त्यांनी हेरलं. पेशंटचा पू, लघवी, घशातला स्राव यांच्यातले जंतू वाढवायचे आणि ते कशाने मरतात ते शोधायचं, हे त्या टेबलावर चालतं. मॅडमनीच मला ऑनलाइन डिग्रीचं सांगितलं. वर्ग फोनवर, परीक्षा फोनवर, आणि प्रॅक्टिकल आपल्या जवळच्या लॅबमध्ये. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे कर. पास झालीस तर त्या टेबलावर बसवीन. पण इथं कुणावर हात उचललास तर त्याच दिवशी बाहेर." कॉलेजातली हकिगत त्यांना कुणी सांगितली होती कोण जाणे. मला त्या टेबलापुढची खुर्ची हवी होती. तेवढी दुसरी कुठलीच गोष्ट मला आयुष्यात हवीशी वाटलेली नाही.

शिकणारे सगळे नोकरी करणारे, म्हणून वर्ग सकाळी सहाला भरायचा. आमच्याकडे कापायची वेळही तीच. मी आतल्या खोलीत ज्वारीच्या कोठीवर फोन टेकवून बसायची. एकदा माइक सुरू राहिला आणि मेंढराचं शेवटचं ओरडणं चाळीस जणांनी ऐकलं. सर शिकवायचे थांबले. "हा आवाज कसला आहे?" त्यांनी विचारलं. मी माइक बंद केला.

वर्गामुळे दादाला जनावर एकट्याने धरावं लागे. एकदा एक मेंढा अर्धवट कापलेला त्याच्या हातातून सुटला, अंगणभर धडपडला आणि भिंत लाल करून पडला. दादा तसाच आत आला. कोपरापर्यंत रक्त. त्याने कोठीवरचा फोन उचलला, बाहेर नेला आणि मेंढरांचे पाये भिजत घातलेल्या गरम पाण्याच्या बादलीत सोडून दिला. मी त्याच्या पाठीत स्टूल घातलं. त्याने वळून माझा ओठ फोडला. खुर्चीतून आबा काहीतरी ओरडत होते, पण त्यांचे शब्द लागत नव्हते. दोन दिवसांनी नव्या फोनवर वर्गात बसले तेव्हा सरांचा निरोप आला, फक्त मला, "सगळं ठीक आहे ना?" मी कॅमेरा बंद केला. ओठ दिसला म्हणून लाज वाटली नाही. आमच्या घरात मार खाणारी एकटी मीच आहे असं त्यांना वाटलं असणार, याचा राग आला.

असं करत करत शेवटचं सेमिस्टर आलं. मध्ये एक विषय राहिल्यामुळे माझी मुदत संपत आली होती. या खेपेला प्रोजेक्ट दाखवला नाही तर आधीची सगळी सेमिस्टरं पाण्यात. प्रोजेक्ट ब्लड अगारचा होता. समुद्री शेवाळापासून काढलेली अगारची भुकटी मटणाच्या रश्शासारख्या पोषक पाण्यात उकळायची, ती हाताला सोसेल इतकी निवली की तिच्यात पाच टक्के मेंढीचं रक्त मिसळायचं आणि पेट्री डिशमध्ये, म्हणजे झाकणाच्या उथळ ताटल्यांत ओतायचं. थिजलं की लालभडक वडी तयार. तिच्यावर पेशंटच्या घशातले जंतू रेघा ओढून लावायचे. घसा धरणारा एक जंतू असा आहे, की तो जिथे वाढतो तिथल्या रक्तपेशी फोडून टाकतो. दुसऱ्या दिवशी लाल ताटलीत त्याच्याभोवती स्वच्छ, आरपार दिसणारी वर्तुळं पडतात. याच्यावर वेळीच औषध दिलं नाही तर मुलांच्या हृदयाच्या झडपा जातात. मला तो जंतू पहिल्यापासून आवडायचा. जो समोर येईल त्याला फोडायचं, हे काम मला समजायचं.

ताटल्या स्वतः बनवायच्या, असा नियम होता. सरांनी सांगितलं, निर्जंतुक मेंढीचं रक्त कंपनीकडून मागवून घ्या. मी एकटीच कोठीपुढे बसून हसले. मेंढीचं रक्त मी मागवायचं?

पहिली खेप मी स्वतः घेतली, नुसतं जमतं का बघायला. मानेवरची लोकर भादरली, स्पिरिटने कातडं पुसलं. दादाने सुरा चालवला आणि पहिली गरम धार मी लॅबमधून उकळून आणलेल्या बाटलीत धरली. बाटलीत काचेचे मणी होते. बाटली दहा मिनिटं गोल गोल हलवत राहिलं की रक्त गोठवणारे धागे मण्यांना गुंडाळले जातात आणि रक्त पातळ राहतं. दादा बघत होता. "रक्त बी पाळणा हलवल्यावानी हलवती," तो म्हणाला. ताटल्या उत्तम झाल्या. मॅडमनी एक उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, "जमलंय." त्यांच्या तोंडून तेवढं पुष्कळ होतं.

मग उजळणीचे वर्ग सुरू झाले, तेही सकाळी सहाला, आणि हजेरी सक्तीची. बाटली मी दादाच्या हातात दिली. "दहा मिनिटं हलव. घड्याळ बघून. बाकी काही करू नको."

"हलवतो," तो म्हणाला.

वर्ग संपवून बाहेर आले की बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून तयार असायची. ती बर्फाच्या डब्यात घालायची आणि साडेसातची काळी-पिवळी जीप पकडायची. मागच्या सीटवर चौघांच्या जागेत सहा जण, मांडीवर डबा. पहिल्या दिवशी रक्त अगारमध्ये ओतलं आणि ते माझ्या डोळ्यांदेखत काळपट झालं. ताटल्या थिजल्या त्या बिनदुधाच्या चहासारख्या, खाली वर्तमानपत्र ठेवलं तर वाचता येईल अशा. रक्तपेशी आधीच फुटलेल्या. जंतूने फोडायला काही शिल्लकच नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "अगार गरम असेल." पटलं. दुसऱ्या खेपेला थर्मामीटर लावून ओतलं. पुन्हा तेच. मी वहीत लिहून काढलं, काय काय चुकलं असेल ते. तापमान, बाटली, साबणाचा अंश, पाण्याचा आम्लपणा, प्रवासातले धक्के, मेंढीचं वय. एकेक तपासून खोडत गेले. शेवटी न खोडलेलं एकच उरलं. पहिल्या वेळी बाटली मी हलवली होती आणि नंतर दादाने.

त्यातच एका रात्री जेवताना तो म्हणाला होता, "नापास झालीस तर बरंच व्हईल. मला जनावर धरायला माणूस मिळंल." म्हणाला हसतच. मी तेव्हा ताट सारून उठले होते.

परीक्षकांना कॅमेऱ्यावर ताटल्या दाखवायला आठ दिवस राहिले असताना दादाकडची तिसरी खेपही काळी पडली. मी एक ताटली बेसिनमध्ये आपटून फोडली. मॅडमनी काचेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "भर ते, आणि घरी जा," एवढंच म्हणाल्या. मी काचा भरल्या. परतीच्या गाडीत शेजारच्या माणसाचा कोपर लागत होता. त्याला मी असं ढोसलं की तो हर्सूलला उतरून पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. फुलंब्री येईपर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. यानेच काहीतरी टाकलं. याला मी पुन्हा दुकानात हवी आहे.

दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं. दादा मटण तोडायचा लाकडी ओंडका गरम पाणी टाकून खरवडत होता. आबा आत पडलेले होते.

"रक्तात काय टाकतोस?" मी विचारलं.

"काय टाकू? हलवायचं अन् द्यायचं."

"खोटं बोलू नको. मी हलवलं तवा चांगलं आलं. तुझ्याकडं दिलं की नासतं. तिन्ही वेळा."

"मग तूच हलव ना. सकाळी फोनपुढं बसून राहायचं अन् आम्हाला शिकवायचं."

"मी पास झालेली तुला नाय पायजे."

त्याने एकदा आतल्या दाराकडे बघून घेतलं. मला वाटलं, आबांनी ऐकू नये म्हणून बघतोय, म्हणजे चोरी पकडली गेली. मी आवाज चढवला. "बोल ना. काय टाकतोस?"

"व्हय, नाय पायजे," तो म्हणाला. "झालं समाधान? जा आता."

मी ओंडक्यावरचं गरम पाण्याचं भांडं लाथाडलं. पाणी त्याच्या पायावर गेलं. त्याने डाव्या हाताने माझ्या कानाखाली अशी वाजवली की मी काउंटरवर आदळले. काउंटरवर जुनं दोन किलोचं लोखंडी वजन पडून होतं. इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून ते पिशव्या उडू नयेत म्हणून ठेवायचो. माझ्या हाताला ते लागलं. रागाच्या भरात काय केलं ते कळलं नाही, असं मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं. ते खरं नाही. तोल सावरायला त्याने उजवा हात ओंडक्यावर टेकवला होता. मी तो हात पाहिला. कापतो तोच हात. मी तोच निवडला आणि वजन दोन्ही हातांनी खाली आणलं.

हाडं मोडण्याचा आवाज मला रोजच्या ऐकण्यातला होता. हा वेगळा नव्हता. दादा ओरडला नाही. तो ओंडक्याला पाठ लावून खाली बसला आणि हात पोटाशी धरला. आतून आबांचा आवाज यायला लागला, शब्द नसलेला, एकसारखा. मी ओढणीने त्याचा हात बांधला, शटर ओढलं आणि आलेल्या पहिल्या गाडीत त्याला बसवलं.  दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "वजन पडलं. माझ्याच हातनं निसटलं." तळव्याची तीन हाडं मोडली होती, दोन बोटांच्या शिरा चेंगरल्या होत्या. प्लॅस्टर घातलं. मूठ वळेल का, ते नंतर बघू म्हणाले.

दोन दिवसांनी रविवार आला. रविवारी सकाळपासून दुकानापुढे माणसं उभी असतात. कापणार कोण? मी उठले. दादा आत भिंतीकडे तोंड करून पडला होता.  वर्ग सोडला. मेंढरं बाहेर काढली, एकाचे पाय बांधले आणि गुडघा देऊन दाबलं. आयुष्यभर बघितलेलं होतं, पण सुरा पहिल्यांदाच माझ्या हातात होता. पहिला घाव उथळ गेला. जनावर माझ्याखाली उसळलं, त्याचं डोकं माझ्या हनुवटीवर आदळलं, जीभ दातांखाली आली. तोंडात माझं रक्त, हातावर त्याचं. दुसऱ्यांदा जोर लावून सुरा ओढला तेव्हा गळा चिरला गेला. धार मी बाटलीत धरली. प्रोजेक्टचे सहा दिवस उरले होते आणि मी अजून हार मानली नव्हती.

बाटली भरली. झाकण घ्यायला वळले तर खुर्चीतून आबांनी डावा हात पुढे केला होता. मागण्याचा हात नव्हता तो, सवयीचा होता. काही कळायच्या आत मी बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दोन्ही गुडघ्यांत धरली. मग सदऱ्याच्या खिशातून एक कागदाची पुडी काढली, दातांनी उलगडली आणि त्यातलं पांढरं काहीतरी बाटलीत ओतलं. झाकण लावलं. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर लावली आणि डाव्या हाताने बाटली गोल गोल हलवायला लागले.

"आबा, काय टाकलं?"

त्यांना शब्द जुळवायला वेळ लागला. "मीठ," ते म्हणाले. "नासतं, माय. लांब नेतीस."

आमच्याकडे रक्ती खाणारी बरीच घरं आहेत. रक्ती म्हणजे रक्ताची भाजी. लोक रक्त न्यायला भांडं आणतात त्याच्या तळाशी मीठ घालून आणतात, आणलं नसेल तर आम्ही घालतो. बिनमिठाचं रक्त आमच्या दुकानातून कधी कुणाला दिलेलं नाही. लहानपणी तळाशी मीठ टाकायचं काम माझंच होतं, शेकडो वेळा केलेलं. आणि वहीतल्या त्या यादीत मी मेंढीचं वयसुद्धा लिहिलं होतं, मीठ लिहिलं नव्हतं. खारट रक्तात पेशी सुकून आकसतात. त्यांना नेहमीच्या मिठाच्या अगारमध्ये टाकलं की पाणी एकदम आत घुसतं आणि सगळ्याच्या सगळ्या फुटतात. पुस्तकातलं तेवढं पान मला तोंडपाठ होतं.

हे सगळं कळायला एक क्षण लागला असेल. त्या क्षणात माझा उजवा हात सुऱ्यासकट खांद्याच्या वर गेला होता. तो फेकायला नेला होता, ओंडक्यावर मारायला, की आणखी कशाला, ते मला आजही सांगता येणार नाही. आबांनी तो पाहिला. त्यांनी डोळे मिटून घेतले. बाटली हलवायची मात्र थांबवली नाही.

मी हात खाली घेतला.  दुसरी बाटली घेतली, दुसरं मेंढरू ओढलं, आणि या खेपेला भिंतीकडे तोंड करून मीच बाटली हलवली. आबांनी त्यांची दहा मिनिटं पूर्ण केली. ते रक्त पुढच्या गिऱ्हाइकाच्या भांड्यात गेलं.

ताटल्या लालभडक झाल्या. जंतू वाढले, वर्तुळं पडली, इतकी स्वच्छ की मॅडमनी दोन ताटल्या लॅबसाठी ठेवून घेतल्या. परीक्षकांनी कॅमेऱ्यावर विचारलं, आधीच्या तीन खेपा का फसल्या. मी मिठाचं सांगितलं. कुणी टाकलं, ते म्हणाले. घरातल्या माणसाने, मी म्हणाले. निरीक्षण चांगलं आहे, अहवालात लिहा, असं त्यांनी सांगितलं. ते मी लिहिलं. मी पास झाले. डिग्री फोनमध्ये पीडीएफ म्हणून आली.

मॅडमनी शब्द पाळला. टेबल तयार ठेवलं. पण नमुने सकाळी येतात, त्या टेबलावर आठला बसावं लागतं. दादाचं प्लॅस्टर निघालं आणि दोन बोटं वळली नाहीत. सत्तूर धरला की निसटायचा. एकदा तो निसटून त्याच्या पायाजवळ जमिनीत रुतला, तेव्हापासून मी त्याच्या हातात तो दिला नाही. दुकान मीच उघडायला लागले. अकराच्या आत तिथून हलता येत नसे. मॅडमनी दोन महिने वाट पाहिली आणि मग टेबलावर दुसऱ्या मुलीला बसवलं. मला हे सांगताना त्या पहिल्यांदाच माझ्याशी हळू बोलल्या. त्यापेक्षा त्यांनी रागावायला हवं होतं.

त्या दिवशी घरी आले तेव्हा दादा अंगणात डाव्या हाताने कातडी उलटी करून मीठ लावत बसला होता. आबा आत झोपलेले. मला कुणाचं तरी डोकं फोडावंसं वाटत होतं, आणि माझ्याकडे आता मिठाची गोष्ट होती. ती मी त्याला तोपर्यंत सांगितली नव्हती. उभ्या उभ्याच सगळी सांगितली. मीठ, पुडी, फुटलेल्या पेशी, गेलेलं टेबल. त्याला लागावं म्हणूनच सांगितली.

"आबा हलवत्यात, एवढं म्हाईत होतं मला," तो म्हणाला. "मिठाचं नव्हतं म्हाईत. त्यांना तेवढंच काम उरलं होतं. ते करताना बरं बसायचे, म्हणून द्यायचो."

"मग त्या दिवशी सांगितलं का नाहीस? मी हलवत नाय, आबा हलवत्यात. एवढं बोलला असतास तर तुझा हात वाचला असता."

त्याने कातडीवरचं मीठ तळव्याने पसरवलं. न वळणारी बोटं त्याने मांडीवर उघडी ठेवली होती.

"मग तू आत गेली असतीस," तो म्हणाला.

"जाऊन काय केलं असतं?"

"माझं ठीक हाय. मी लहानपणापासनं तुझा मार खात आलोय." तो वर न बघता म्हणाला, "आबाला झेपला नसता."

आबांवर मी कधीच हात उचलला नसता, असं मला म्हणायचं होतं. तोंड उघडलंही होतं. त्या रविवारी माझा सुरा वर गेला तेव्हा तो आत भिंतीकडे तोंड करून पडलेला होता, त्याला काहीच माहीत नव्हतं. माहीत फक्त मला आणि आबांना आहे. मी तोंड मिटलं आणि त्याच्यासमोर बसून कातडीचं दुसरं टोक धरलं.